केहिंदे आणि तिच्या आधी आलेली

एका शुक्रवारी सकाळी आमच्या बाथरूमच्या जाळीतून निळं पाणी वर आलं. थोडंथोडकं नाही, शाईची बाटली उपडी व्हावी तसं. आम्ही शारजाला त्या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मी घाबरून बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, बोलावलं. नातूर केरळचा, रझाक नावाचा. त्यानं पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "ये आपका नहीं है मॅडम. बाजूवाली आफ्रिकन मॅडम का है."

त्यानं शेजारची बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईनं. डोक्याला पिवळा फडका, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या निळ्या पावलांकडे. "सॉरी, सॉरी, सॉरी," म्हणाली, आणि जरा मान तिरकी करून, अगदी गंभीरपणे, "पण हा रंग तुला शोभतोय."

मग स्वतःची बादली-पोछा घेऊन आली आणि माझ्या आधी गुडघ्यावर बसून आमची बाथरूम पुसायला लागली. केहिंदेची आणि माझी ओळख ही अशी झाली.

ती नायजेरियाची, योरुबा. इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेला वेळ स्वतःची चित्रं काढायची. तिच्या घरात बाथटब हा अंघोळीसाठी नव्हताच. त्यात नीळ कालवलेली असायची. तिच्याकडच्या बायका पूर्वापार कापडावर पिसानं खळ लावून नक्षी काढतात, मग कापड निळीत बुडवतात. खळ लावली असेल तिथं रंग धरत नाही, तेवढी नक्षी पांढरी राहते. तशा कापडावर ती पुढं रंगानं देव काढायची. ही खळ तिकडे कसाव्याच्या कंदाची करतात. इथं मनासारखी जमत नाही म्हणून कुरकुरत होती, तेव्हा मी तिला साबुदाणा दिला. तोही कंदाचाच. तो शिजवून तिनं केलेली खळ इतकी छान बसली, की महिनाभर ती भेटेल त्याला सांगत होती, "अनगा के उपवास का खाना, शांगो को एकदम फिट." माझ्या नावातला घ तिला कधीच जमला नाही. शांगो म्हणजे त्यांचा विजेचा देव. दोन पात्यांची कुऱ्हाड घेतलेला, तोंडातून आग टाकणारा.

हिंदी ती शाळेच्या बसच्या ड्रायव्हरांकडून शिकली होती, त्यामुळे ती नेहमी कुणाला तरी रस्त्यातून बाजूला व्हायला सांगत असल्यासारखी बोलायची. मासळी बाजारात माशाच्या डोळ्यांत बघून विकत घ्यायची. "याला मरताना वाईट बातमी कळलीय," म्हणून एखादा परत ठेवून द्यायची. हसली की आमच्या हॉलमध्ये ऐकू यायचं.

पण तिच्या काही सवयी अशा होत्या की आधी लक्षात येत नसत, आणि एकदा लक्षात आल्या की नजरेआड करता येत नसत. कुठल्याही दारापाशी ती अर्धं पाऊल बाजूला व्हायची, क्षणभर थांबायची, मग आत जायची. मला वाटायचं, मॅनर्स आहेत, मला पुढं जायला सांगतेय. पण एकदा मी लिफ्टच्या आत होते आणि ती एकटीच बाहेर होती, तरी ती तशीच बाजूला झाली. बोलताना बऱ्याचदा 'आम्ही' म्हणायची. "आम्हाला चहा चालेल." तिच्या घरात एकच मोठा आरसा होता आणि त्यावर कायम निळं कापड टाकलेलं असायचं.

एकदा तिनं सगळ्या मजल्यावर लाल तेलात शिजवलेली चवळी वाटली. वाढदिवस आहे म्हणाली. माझी मुलगी रेवा तेव्हा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "हॅपी बर्थडे आँटी! बट व्हाय नो केक?"

"जुळ्यांना चवळी आवडते," केहिंदे म्हणाली.

"यू आर अ ट्विन? व्हेअर इज द अदर वन?"

केहिंदे खाली बसली, रेवाच्या उंचीला आली आणि म्हणाली, "तीच आधी आली होती. आधी गेलीही तीच."

त्या संध्याकाळी रेवा खेळायला गेल्यावर तिनं मला सांगितलं. त्यांच्यात जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात. जे आधी जन्मतं ते तायवो, मागून येतं ते केहिंदे. आणि मोठं मानतात ते मागून आलेल्याला. कारण आतून तेच पहिल्याला सांगतं, जा, जग कसं आहे ते चाखून ये, आणि रडून मला कळव. तायवोचं रडणं ऐकू आलं, की मगच केहिंदे बाहेर येते.

"मी तिला पाठवलं बघायला," ती म्हणाली. "दोन वर्षांत तिनं ठरवलं की जग काही खास नाही."

दोघींना गोवर आला होता. केहिंदे वाचली.

मी तिला माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. त्यांच्या आधीचे दोन भाऊ गेले, म्हणून त्यांचं नाव धोंडू ठेवलं. दगड म्हटल्यावर तरी कुणी न्यायला यायचं नाही. केहिंदे एकदम सरळ बसली. "आमच्यातही ठेवतात! 'आता जाऊ नकोस' असं नाव असतं. 'खड्डा खणायला कुदळ उरली नाही' असंही." मग हसत सुटली. "म्हणजे तुझ्या बापाला आमच्या गावात कुणी परका नसतं म्हटलं."

जुळ्यांपैकी एक गेलं, की त्यांच्याकडे लाकडाची वीतभर बाहुली कोरून घेतात. तिला न्हाऊ घालतात, तेल लावतात, कपडे शिवतात. दुसऱ्या मुलाच्या ताटातला पहिला घास तिच्या तोंडाला लावतात, नाहीतर गेलेलं एकटं पडतं आणि राहिलेल्याला बोलावून घेतं. लहान केहिंदे त्या बाहुलीला कुशीत घेऊनच झोपायची. आठेक वर्षांची असताना एक दिवस शाळेतून आली तर बाहुली जाग्यावर नव्हती. आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "मी ती खाडीत सोडली."

का सोडली, ते सांगितलं नाही. तेव्हा आई नव्यानंच चर्चला जायला लागली होती. सगळ्यांनी गृहीत धरलं की पाद्र्यानं सांगितलं असणार.

"त्या दिवसापासून मी ममीशी कामापुरतं बोलते," केहिंदे म्हणाली. "आणि त्याच दिवशी मी पहिलं चित्र काढलं. तिला राहायला कुठंतरी जागा हवी ना."

आरशाचं मला त्यानंतर कळलं. दरवर्षी वाढदिवसाला ती आरशावरचं कापड काढायची, समोर बसायची, आणि जी दिसेल तिचं चित्र काढायची. ती तायवो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापड. मोठेपणी तिनं लहानपणची राहिलेली वर्षंही मागं जाऊन भरून काढली. एका कपाटात दोन वर्षांच्या बाळापासून चाळिशीच्या बाईपर्यंत अख्खी तायवो उभी होती, एकीमागे एक.

"रोज का नाही उघडत आरसा?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसाला भेटायची वेळ ठरवून घ्यावी लागते, अनगा. नाहीतर ते घरीच राहायला येतं."

तिच्या देवांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं जुमेरा लेक टॉवर्सला, एका टॉवरच्या तळमजल्यावरच्या छोट्या गॅलरीत. गॅलरीची मालकीण लेबनीज, सारखी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, करणारी. चित्रं निवडायला ती घरी आली, चुकून ते कपाट उघडलं, आणि तिची यल्ला तिथंच बंद पडली. तिला ती चित्रं हवीच होती. केहिंदे नको म्हणाली. आठवडाभर नकोच म्हणत राहिली. मग एक दिवस हो म्हणाली.

"लोकांनी तिला बघितलं," मला म्हणाली, "तर ती एकट्या माझ्या डोक्यात राहणार नाही. मी दमलेय."

उद्घाटनाला आम्ही तिघं गेलो. पहिल्या दोन खोल्यांत गर्दी होती, बोलणी होती, ज्यूसचे ग्लास होते. शांगो होता. नदीची देवी ओशुन होती, पितळेच्या बांगड्या हातभर घातलेली, आणि पाण्याऐवजी सगळी नक्षी. एका मोठ्या पडद्यासारख्या चित्रात माकडं झाडावरून उतरून एका झोपलेल्या बाईच्या घरात शिरत होती. ती गोष्ट केहिंदे स्वतः उभी राहून सांगत होती: एक शेतकरी शेतात येणारी माकडं मारायचा. माकडं चिडली, आणि जुळी होऊन त्याच्या बायकोच्या पोटी आली. जन्मायची आणि मरायची, पुन्हा जन्मायची आणि मरायची. शेवटी देवऋषी म्हणाला, त्यांना तुझ्या शेतात खाऊ दे. शेतकऱ्यानं माकडं मारायचं सोडलं, तेव्हा कुठं जुळी जगली. लोक टाळ्या वाजवत होते. माझा नवरा अभय सहसा प्रदर्शनात बसायला खुर्ची कुठं आहे ते शोधतो. तोही उभा राहून ऐकत होता.

तिसऱ्या खोलीत मात्र शिरताच प्रत्येकाचा आवाज उतरायचा. तिथं फक्त तायवो होती. खाली लहान पाट्या: तायवो, दोन वर्षं. तायवो, अकरा. तायवो, तीस. चेहरा केहिंदेचाच, पण तिला आम्ही कधी इतकं गप्प पाहिलं नव्हतं. वीस वर्षांची एक तायवो दार उघडून कुणी येतंय का बघत असावी तशी दिसत होती.

रेवानं माझा हात धरला. "आई, व्हेन डिड शी डाय?"

"दोन वर्षांची असताना."

रेवा शेवटच्या चित्रापर्यंत चालत गेली आणि परत आली. "बट नोबडी टोल्ड हर," असं म्हणाली. 

प्रदर्शन चालू असतानाच केहिंदेची आई लागोसहून आली. व्हिडिओ कॉलवर तिला प्रदर्शनाचं कळलं होतं, आणि येते म्हणून हटून बसली होती. ठेंगणी, काळीभोर, दातांत फट, दंड कुणा पैलवानाचे. दारातच केहिंदेनं दोन्ही गुडघे टेकून तिला नमस्कार केला. त्यांच्यात तशीच रीत आहे, मुलगी कितीही मोठी असो. पण मान वर करून आईकडे तिनं बघितलं नाही.

केहिंदे शाळेत गेली की ममा, मी तिच्या आईला तसंच म्हणायचे, माझ्याकडे यायच्या. मी घरीच मुलांच्या मॅथ्सच्या ट्यूशन घेते, सकाळी मोकळी असते. त्या टेबलाशी बसून माझे गहू-तांदूळ निवडून द्यायच्या. नको म्हटलं तर रागवायच्या. गावाकडे त्यांना अजून 'इया इबेजी' म्हणतात, जुळ्यांची आई. बाजारात भाजीवाल्यासुद्धा तशीच हाक मारतात. "चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "एकच मूल बरोबर घेऊन मी त्या हाकेला ओ देतेय."

एका सकाळी त्यांनी विचारलं, "ती चित्रं तू बघितलीस?"

"हो, ममा."

"कशी दिसते ती?"

"केहिंदेसारखीच," मी म्हणाले.

त्यांचे हात तांदळात तसेच थांबले. 

मग एका दुपारी, गॅलरीत कुणी नसतं अशा वेळी, केहिंदे आम्हा दोघींना घेऊन गेली. मला का नेलं, ते तिनं सांगितलं नाही. बहुधा आईबरोबर एकटीनं गाडीत बसायचं नव्हतं. ममा शांगोसमोर थांबल्या, बोट नाचवून त्याला काहीतरी सुनावलं, हसल्या. चर्चला जाणारी बाई, पण ओशुनसमोर आपोआप हलकीच वाकली. माकडांच्या चित्राला मात्र वळसा घालून पुढं गेल्या.

तिसऱ्या खोलीत मी दाराशीच थांबले. ममा चाळिशीच्या चित्रापासून उलट्या निघाल्या. एकेकीपुढं थांबत, मागं मागं जात, शेवटी त्या दोन वर्षांच्या बाळापुढं आल्या. वहीएवढंच चित्र होतं ते. नुकतं डोकं भादरलेलं बाळ, कमरेला मण्यांची माळ. मग त्या बोलायला लागल्या, योरुबात, मागं न वळता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त दोन नावं ऐकू येत होती. तायवो. केहिंदे. पुन्हा तायवो. पुन्हा केहिंदे.

केहिंदे आधी हसली. मग तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि ती भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसली. आणि त्या म्हाताऱ्या बाईनं वळून, सावकाश, एकेक करून दोन्ही गुडघे टेकले. आपल्या मुलीसमोर. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही अडकलो. ममा मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. केहिंदेनं स्टिअरिंगवरचे हात न हलवता मला सांगितलं.

दोघींना गोवर झाला तेव्हा ममाही तापानं पडलेली होती. मुलींबरोबर हॉस्पिटलात मावशी होती. मावशी एकच मूल घेऊन परत आली. म्हणाली, तायवो गेली. आई त्या दोघींना ओळखायची ती कमरेच्या माळेवरून, एकीची लाल, एकीची निळी. हॉस्पिटलात माळा काढून टाकल्या होत्या. डोकं भादरलेलं, अंग वाळलेलं, डोळे आत गेलेले. मावशीला तरी काय कळणार?

"ममी म्हणते," केहिंदे म्हणाली, "मी केहिंदे म्हणून हाक मारली, तू आलीस. मग कोणी नसताना तायवो म्हणून हाक मारली. तू आलीस."

पुढची गाडी हलली. आमची तिथंच होती. मागून हॉर्न वाजायला लागले.

"त्यानंतर तिनं ते नाव कधी घेतलं नाही. बाहुलीला सहा वर्षं तायवो म्हणून जेवू घातलं. मग एका रात्री मला ताप आला आणि ती घाबरली. बाहुली जर भलत्याच नावाची असेल, तर आपण जिवंत पोरीला मेलेली म्हणून जेवू घालतोय. म्हणून पाण्यात सोडली. पाद्र्याचा काही संबंध नव्हता."

"मग तू..." मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली. "तेच."

मी गाडीच्या आरशात मागं बघितलं. ममांचे डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी केहिंदेनं गॅलरीत जाऊन तिसऱ्या खोलीतल्या सगळ्या पाट्या काढल्या. मालकीण वैतागली, लोक विचारतात, ही कोण, काय सांगू? केहिंदे म्हणाली, "मलाही सांग कळलं तर."

त्या दिवसांत ती मला थोडी भीतिदायक वाटायची. बोलता बोलता मध्येच थांबायची, कुणी आपल्याला दुरुस्त करतंय का ऐकत असल्यासारखी. आरशावरचं कापड काढून टाकलं होतं. मी एकदा वाटी परत द्यायला गेले, तर दार उघडं होतं आणि ती आरशासमोर उभी होती. काही करत नव्हती. केस विंचरत नव्हती, रंगवत नव्हती. मला आत आलेली बघून म्हणाली, "इतकी वर्षं मी रडले ते कुणासाठी ग? आणि माझ्यासाठी कोण रडलं?" मी वाटी ठेवून तिच्याजवळ बसले. दुसरं काय करणार!

पण भिंतीपलीकडचं घर बदललं. बाथरूमच्या डक्टमधून त्या दोघींचे आवाज यायला लागले. भांडायच्या, हसायच्या, काहीतरी गाणं म्हणायच्या. जुळ्यांच्या स्तुतीची गाणी असतात त्यांच्यात, ममांना सगळी येत होती, चाळीस वर्षांत म्हटली नव्हती. दोघींचे आवाज मला वेगळे ओळखता यायचे. कधी कधी मात्र मला तीन वाटायचे. अभय म्हणाला, टीव्ही असेल. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता.

शाळेची टर्म संपली आणि केहिंदेनं नोकरी सोडली. आईबरोबर जाते म्हणाली. मी विचारलं, कायमची? "इन्शाल्ला," ती म्हणाली. इथं राहून आपण सगळे हा शब्द शिकतो, हो आणि नाही दोन्हीसाठी.

जायच्या आदल्या दिवशी प्रदर्शन उतरवायचं होतं. देव बहुतेक विकले गेले होते. तिसऱ्या खोलीतली तिनं एकही विकली नाही. मी मदतीला गेले होते. गॅलरीची माणसं एकेका चित्राला फुगेवाला प्लास्टिक गुंडाळत होती. त्या छोट्या चित्राला त्यांनी हात लावला, तशी ममा खुर्चीवरून उठल्या आणि त्यांना बाजूला सारलं. चित्र भिंतीवरून स्वतः काढलं. पुढं वाकल्या, ते पाठीवर ठेवलं, कमरेचं दुसरं लुगडं सोडून त्याच्याभोवती गुंडाळलं आणि छातीवर घट्ट गाठ मारली. पोर पाठीला बांधतात तसं. मग एकदा हलकेच उडी मारल्यासारखं करून ते नीट बसवलं.

मालकिणीनं दार उघडून धरलं.

बाहेर उन्हाचा भपकारा होता. पार्किंग टॉवरांमधल्या तळ्याच्या पलीकडे होतं. ऑफिस सुटायची वेळ, गळ्यात आयडी कार्डं अडकवलेली माणसं कॉफीचे कप घेऊन टॉवरांमधून बाहेर पडत होती, आणि वाट देत होती. ममा मधून चालल्या होत्या, जरा पुढं झुकून, दोन्ही हात मागं बांधून. केहिंदे मागून चालत होती. तिनं एक हात पुढं करून त्या चित्राच्या खाली धरला होता, मान पडू नये म्हणून धरतात तसा. मी गॅलरीच्या दारात उभी होते. तळ्यावरच्या पुलापाशी त्या जरा थांबल्या. ममा मान वळवून पाठीवरच्याला काहीतरी म्हणाल्या, आणि दोघी पुढं निघाल्या.